लिहिणाऱ्याच्या मेहनतान्याचं काय? हॉलीवूडचा संप, मुंबईचे करार आणि आपली मुलं

२ मे २०२३ रोजी अमेरिकेतल्या सुमारे साडेअकरा हजार पटकथालेखकांनी काम थांबवलं. सिनेमा आणि मालिका लिहिणारी ही मंडळी १४८ दिवस स्टुडिओच्या दारात फलक घेऊन उभी राहिली. १४ जुलैला नटनट्याही त्यांच्यासोबत संपावर आले. २७ सप्टेंबरला लेखकांचा संप मिटला, तेव्हा त्यांच्या हातात तीन वर्षांचा नवा करार होता. संघटनेच्या मतदानात ९९ टक्के लेखकांनी त्याला होकार दिला.

भंडारा, तुमसर, साकोली, पवनीत राहणाऱ्या आपल्या घरांशी याचा काय संबंध, असं कुणीही विचारेल. संबंध आहे. आपल्या मुलांच्या हातात आज मोबाइल आहे आणि डोक्यात गोष्टी आहेत. कुणी यूट्यूबसाठी स्क्रिप्ट लिहितो, कुणी रील्सचे संवाद लिहितो, कुणाला मुंबईला जाऊन वेब सिरीज लिहायची आहे. घरात उर्दू, शाळेत मराठी, बाहेर हिंदी अशी तिहेरी जबान घेऊन वाढलेल्या मुलांसाठी हे क्षेत्र खरंच मोकळं आहे. मात्र या क्षेत्रात मेहनत कुणाची, नाव कुणाचं आणि पैसा कुणाचा, याचा हिशेब फार कमी पालकांना माहीत असतो. तो समजून घ्यायला अमेरिकेचा संप आणि आपल्या मुंबईची परिस्थिती शेजारी शेजारी ठेवून पाहावी लागते.

तिकडे भांडण कशावरून झालं

अमेरिकेतला लेखक स्क्रिप्टचे पैसे एकदा घेतो. शिवाय ती मालिका पुन्हा दाखवली, दुसऱ्या वाहिनीला विकली, तर त्यातला छोटा वाटाही त्याला मिळतो. हा वाटा कुणी दानात दिलेला नाही. टीव्हीवर जुने सिनेमे दाखवले जाऊ लागले तेव्हा १९६० साली लेखकांनी संप केला, आणि त्यातून हा वाटा आणि पेन्शन-आरोग्याचा निधी उभा राहिला. व्हिडिओ कॅसेट आल्या, पुन्हा भांडण झालं. इंटरनेट आलं तेव्हा नोव्हेंबर २००७ ते फेब्रुवारी २००८ असा १०० दिवसांचा संप झाला. म्हणजे दर वेळी नवं यंत्र आलं की जुना करार तोकडा पडतो आणि नव्याने बसावं लागतं.

२०२३ मध्ये दोन गोष्टी नव्या होत्या. पहिली ओटीटी. तिथे मालिका कोटींनी पाहिली किंवा कुणीच पाहिली नाही, लेखकाला मिळणारा वाटा जवळपास सारखाच होता, आणि किती जणांनी पाहिली हा आकडा कंपनी सांगतच नव्हती. दुसरी एआय. उद्या यंत्राकडून कच्चा मसुदा काढून घेतील आणि लेखकाला फक्त तो दुरुस्त करायला, अर्ध्या पैशात बोलावतील, ही भीती होती.

करारात काय मिळालं ते नीट पाहू. एखादी मोठ्या बजेटची मालिका किंवा सिनेमा पहिल्या ९० दिवसांत त्या ओटीटीच्या देशातल्या ग्राहकांपैकी २० टक्क्यांच्या बरोबरीने पाहिला गेला, तर लेखकाला वाढीव बोनस. किती तास पाहिलं गेलं याची माहिती कंपनीने संघटनेला द्यायची, पण ती गुप्त ठेवायची. मालिका मंजूर झाल्यावर भागांच्या संख्येप्रमाणे किमान ३ ते ६ लेखक घ्यायचे. एकच लेखक सगळं लिहीत असेल तर अपवाद. आणि एआयबाबत: यंत्राने लिहिलेलं हे लेखन म्हणून धरायचं नाही, लेखकावर एआय वापरण्याची सक्ती करायची नाही, आणि लेखकाला दिलेल्या सामग्रीत यंत्राचं काही असेल तर ते आधी सांगायचं.

सगळंच मिळालं असं नाही. आपल्या जुन्या स्क्रिप्ट यंत्रांना शिकवायला वापरू नका, ही बंदी लेखकांना मिळवता आली नाही. पाच महिने कमाई बंद राहिल्याने घरं अडचणीत आली. सेटवर काम करणारे सुतार, ड्रायव्हर, शिंपी यांचाही रोजगार गेला, आणि त्यांना तर या करारातून काहीच मिळणार नव्हतं. संपाची किंमत शेजाऱ्यालाही मोजावी लागते, हे आपल्याकडच्या कोणत्याही कामगार वस्तीला सांगायची गरज नाही.

मुंबईत कायदा आहे, टेबल नाही

आता आपल्याकडे या. हिंदी सिनेमाच्या लेखणीत उर्दूचा आणि मुस्लिम लेखकांचा वाटा किती मोठा आहे, हे वेगळं सांगायला नको. ख्वाजा अहमद अब्बास, वजाहत मिर्झा, अख्तर-उल-ईमान, टीव्हीवरच्या महाभारताचे संवाद लिहिणारे राही मासूम रझा, ही यादी लांबत जाईल. मराठीत ग. दि. माडगूळकरांनी गाण्यांइतक्याच ताकदीने पटकथा लिहिल्या, व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’चं लेखनही त्यांचंच. तरीही लेखकाचं नाव पोस्टरवर असावं, ही गोष्ट इथे कधी गृहीत धरलेली नव्हती. १९७३ साली ‘जंजीर’च्या पोस्टरवर नाव नाही म्हणून सलीम-जावेद यांनी माणूस लावून मुंबईतल्या पोस्टरांवर आपली नावं रंगवून घेतली, हा किस्सा सगळ्यांना ठाऊक आहे. आपण तो गमतीने सांगतो. पण ज्यांना रंगारी पाठवणं परवडत नाही, त्या लेखकाने काय करायचं, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

मुंबईतल्या पटकथालेखकांची संघटना, आजची स्क्रीनरायटर्स असोसिएशन, १९६० पासून कामगार संघटना म्हणून नोंदलेली आहे. तिथे गोष्ट, पटकथा, गाणं नोंदवता येतं, तक्रार आली तर वाद मिटवणारी समितीही आहे. एका किमान करारावर निर्मात्यांनी सामूहिक सही करावी, ज्यात किमान मेहनताना, नाव आणि हप्त्यांची मुदत ठरलेली असेल, ही तिची जुनी मागणी आहे. अमेरिकेसारखा असा सगळ्यांना बांधणारा करार इथे अजून झालेला नाही.

परिणामी प्रत्येक लेखक एकटा सही करतो. संघटनेचे अंजुम राजाबली यांच्यासारखे ज्येष्ठ लेखक वर्षानुवर्षं ज्या कलमांबद्दल बोलत आले आहेत, ती ऐकून नवख्याला घाम फुटावा. नाव द्यायचं की नाही हे निर्माता ठरवणार. लेखकाला मध्येच काढून टाकता येणार. कुणी खटला भरला तर भरपाई लेखकाने द्यायची. आणि काही करारांत तर वाद झाल्यास संघटनेकडे जायचंच नाही, अशीही अट. टीव्हीवर रोजच्या मालिकेचा भाग आज लिहिला तर पैसे ९० दिवसांनी मिळणं ही सर्रास पद्धत. महिनाभर रोज लिहिणाऱ्याने मुंबईचं भाडं तीन महिने कुठून भरायचं?

गंमत अशी की कायद्याच्या बाबतीत भारतीय लेखक अमेरिकन लेखकापेक्षा एका अर्थाने पुढे आहे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. राज्यसभेत तेव्हा खासदार असलेले जावेद अख्तर यांनी त्यासाठी जोर लावला होता. दुरुस्ती सांगते की सिनेमा थिएटरमध्ये दाखवण्याव्यतिरिक्त जिथे जिथे वापरला जाईल, तिथल्या रॉयल्टीत लेखकाचा बरोबरीचा वाटा राहील. आणि हा हक्क लेखकाने करारात सोडून दिला तरी तो सुटत नाही. वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो, निर्मात्याला नाही. अमेरिकेत असं नाही. तिथे स्टुडिओसाठी लिहिलेलं लेखन कायद्याने स्टुडिओचंच असतं. लेखकाला जे मिळतं ते फक्त सामूहिक करारामुळे.

म्हणजे तिकडे टेबल आहे, कायदा नाही. इकडे कायदा आहे, टेबल नाही. आणि गेल्या दहा-बारा वर्षांचा अनुभव सांगतो की पोटाला टेबलच कामी येतं. गीतकारांचं थोडं बरं झालं. त्यांची आणि संगीतकारांची सोसायटी २०१७ मध्ये रीतसर नोंदली गेली आणि रॉयल्टीचं वाटप वाढत गेलं. पटकथा आणि संवाद लिहिणाऱ्या बहुतेकांच्या खात्यात मात्र या हक्काचा पैसा अजून आलेला नाही.

टेबल का बनत नाही, याची कारणं आहेत. अमेरिकेतला लेखक कायद्याच्या नजरेत कर्मचारी आहे, त्यामुळे १९३५ च्या कामगार कायद्याने त्याच्या संघटनेशी बोलणं मालकांना भाग पडतं. आपल्याकडे तो स्वतंत्र व्यावसायिक मानला जातो. स्पर्धा आयोगाने २०१७ मध्ये सिनेकामगारांच्या महासंघाविरुद्धच्या प्रकरणात, आमच्याच सदस्यांना काम द्या नाहीतर असहकार, अशा धर्तीच्या अटी स्पर्धाविरोधी ठरवल्या. त्यामुळे संघटनेच्या हातातलं जुनं हत्यारही बोथट झालं. त्यात भाषा अनेक, निर्मात्यांच्या संस्था अनेक. आणि सर्वात मोठं कारण म्हणजे दाराबाहेर फुकट लिहायला तयार उभी असलेली नवी पोरं. ‘आधी नाव होऊ दे, पैसे नंतर’ हे वाक्य ज्याला सांगितलं जातं, तो बहुतेक वेळा आपल्यासारख्याच छोट्या गावातून आलेला असतो.

हे आपण बिडीत पाहिलेलं आहे

भंडारा-गोंदियाच्या माणसाला ही गोष्ट नवी वाटू नये. आपल्या भागात तेंदूपत्ता आणि बिडीवर कितीतरी घरं चालली. आपल्या वस्त्यांत अम्मी, खाला, नानी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत. मोबदला हजारी. ठेकेदार माल पाहून ‘छाट’ काढणार, त्या बिड्यांचे पैसे नाहीत. लेखकाचा भाग नापसंत झाला तर पैसे नाहीत, आणि बिडी छाटली तर पैसे नाहीत, यात फरक फक्त कागदाचा आणि पानाचा.

बिडी कामगारांसाठी १९६६ मध्ये कायदा झाला, १९७६ मध्ये कल्याण निधीचा कायदा झाला. कागदावर सगळं होतं. पण शाळेत शिकवताना आम्ही काय पाहिलं? ज्या आईकडे बिडी कामगाराचं ओळखपत्र होतं, तिच्या मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरला गेला. तिच्याच शेजारी बसून तेवढ्याच बिड्या वळणारी दुसरी आई, जिचं नाव कुणाच्या रजिस्टरवरच नव्हतं, तिचं लेकरू हात हलवत परत गेलं. कायदा दोघींसाठी एकच होता. फरक नोंदीचा होता, आणि ती नोंद करून घेण्यासाठी मागे लागणाऱ्या संघटनेचा होता.

योगायोग पाहा, २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ जुने कायदे त्यात विरले. बिडी कामगारांचा १९६६ चा कायदा आणि सिनेकामगारांचा १९८१ चा कायदा, दोन्ही एकाच संहितेत गेले. दृकश्राव्य क्षेत्रात काम करणाऱ्यांना लेखी करार देण्याची अट त्यात आहे. ठरावीक मेहनतान्यापर्यंतच्या लोकांनाच ती लागू आहे, आणि लेखकांना तिचा फायदा कितपत होईल हे अंमलबजावणीवर अवलंबून राहील. पण बिडी वळणारी आई आणि संवाद लिहिणारा तिचा मुलगा आता एकाच संहितेच्या छताखाली येऊ शकतात, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

यंत्राचा प्रश्न इथेही आला आहे

एआय ही हॉलीवूडची चिंता, असं समजण्याचे दिवस गेले. २०१३ चा ‘रांझणा’ १ ऑगस्ट २०२५ रोजी तमिळमध्ये पुन्हा थिएटरात लागला, तेव्हा हक्क असलेल्या कंपनीने एआयच्या मदतीने शेवटच बदलून टाकला होता. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नायक धनुष या दोघांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. तरी सिनेमा लागलाच. ज्यांच्यामागे एवढं नाव आहे त्यांची ही गत, तर पहिलाच करार करणाऱ्या मुलाची काय होईल?

डिसेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या उद्योग संवर्धन विभागाने नेमलेल्या समितीने एक प्रस्ताव मांडला. एआय कंपन्यांना कायदेशीर मार्गाने मिळालेलं लेखन, संगीत वगैरे यंत्र शिकवायला वापरू द्यावं, निर्मात्या कलावंताला नाही म्हणता येणार नाही, पण त्या बदल्यात कंपन्यांनी रॉयल्टी द्यावी आणि ती एका मध्यवर्ती संस्थेमार्फत वाटावी, असा त्याचा गाभा. ऐकायला बरं वाटतं. पण पैसा वाटताना संस्था कुणाला ओळखणार? ज्याची नोंद आहे त्याला. पुन्हा तेच कार्ड आणि तोच शिष्यवृत्तीचा अर्ज. ज्याचं लेखन कुठेच नोंदलेलं नाही, त्याच्या लेखनावर यंत्र शिकेल आणि त्याचा वाटा दुसरीकडे जाईल.

झाडीपट्टी आणि आपली मुलं

दिवाळी झाली की आपल्याकडे मंडई भरते. दंडार होते, रात्रभर नाटकं चालतात. वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या गावागावांत फिरतात. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीची दखल देशाने घेतली. मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक मराठी नाटकात लेखकाला प्रयोगामागे मानधन देण्याची पद्धत रुळलेली आहे. राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचं तर लेखकाचं परवानगीपत्र जोडावं लागतं. म्हणजे ओटीटीवर जे मागण्यासाठी अमेरिकेत १४८ दिवस उन्हात उभं राहावं लागलं, ते तत्त्व मराठी नाटकाला आधीपासून ठाऊक आहे: जितके प्रयोग तितका लेखकाचा वाटा. हे तत्त्व आपल्या मंडईतल्या प्रत्येक लेखकापर्यंत लेखी स्वरूपात पोहोचतं का, हे गावाच्या आयोजकांनीही विचारायला हरकत नाही. प्रेक्षकांची गर्दी पाहून कंपनी ठरवतो, तसं एकदा लेखकाचं विचारून पाहा.

आमच्या शाळेतून बाहेर पडलेल्या एका मुलाने एका यूट्यूब चॅनेलला अकरा विनोदी स्क्रिप्ट लिहून दिल्या. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज पाठवून व्यवहार झाला. व्हिडिओ चालले, नाव कुठेच नाही, पैसे दोन हप्त्यांनंतर बंद. त्याच्याकडे दाखवायला एक ओळ लेखी नव्हती. त्याचे अब्बा म्हणाले, ‘सर, जाने दो, बच्चा है.’ पण तो अठरा पूर्ण झालेला होता आणि त्याने काम केलं होतं. हेच त्याने कुणाच्या दुकानावर अकरा दिवस काम केलं असतं, तर अब्बा स्वतः दुकानात जाऊन उभे राहिले असते. लिहिणं हे आपल्या घरांत अजून ‘काम’ मानलं जात नाही, शौक मानला जातो. समोरचाही मग तसंच मानतो.

व्यवहार लिहून ठेवण्याची गोष्ट आपल्याला कुणी बाहेरून शिकवायला नको. सूरह बकरातली सर्वांत लांब आयत उधारीच्या व्यवहाराची लिखापढी आणि साक्षीदार याबद्दलच आहे. निकाहनामा आपण लिहितो, दुकानाचा भाडेपट्टा लिहितो. मग मुलाच्या लेखणीचा सौदा तोंडी का?

सही करण्याआधी एवढं पाहा

पालकांनी आणि मुलांनी काही साध्या गोष्टी लक्षात ठेवल्या तरी बरंच नुकसान टळतं.

• नुसत्या कल्पनेला कॉपीराइट नसतो, लिहून मांडलेल्या रूपाला असतो. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद यांच्या नाटकाच्या खटल्यात हेच सांगितलं. नाटककार आनंद तो खटला हरले. म्हणून चहा पिता पिता गोष्ट सांगू नका. आधी लिहा, तारखेसह ई-मेल करा, शक्य असेल तर संघटनेकडे नोंदवा, मग ऐकवा.

• करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याने ती ५ वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. समोरचा ‘कायमचे, जगभरचे, सर्व माध्यमांतले हक्क’ असं लिहून आणत असेल तर तेवढ्या मोठ्या गोष्टीची किंमतही तेवढीच मागा.

• हक्क घेऊन वर्षभरात वापरले नाहीत आणि करारात वेगळं काही नसेल, तर ते लेखकाकडे परत येतात.

• नाव कुठे आणि कसं येणार हे लिहून घ्या. हक्क विकले तरी हे लेखन माझं आहे असं म्हणण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो.

• ‘संघटनेकडे जाणार नाही’ अशी ओळ दिसली तर तिथेच थांबा आणि कुणा वकिलाचा मशवरा घ्या.

आणि एक आम्हा शिक्षकांसाठी. स्नेहसंमेलनात विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांपुरतं नाटक करायला कायदा मोकळीक देतो. पण फलकावर, सूत्रसंचालनात नाटककाराचं नाव घ्यायला काय जातं? मुलं तिथूनच शिकतात की गोष्टीला बाप असतो.

अमेरिकेच्या त्या कराराची मुदत १ मे २०२६ पर्यंतचीच होती. म्हणजे तिथलं बोलणंही कधी कायमचं संपत नाही, दर तीन-चार वर्षांनी पुन्हा टेबलावर बसावं लागतं. मुंबईत ते टेबल कधी मांडलं जाईल हे आपल्या हातात नाही. पण तोवर जी पोरं भंडाऱ्याहून, तुमसरहून गाडीत बसून निघतील, त्यांच्या बॅगेत स्क्रिप्टसोबत तिची नोंद केल्याची पावती असेल, आणि पहिल्या कराराचा कागद वाचायला घरात कुणीतरी बसेल, एवढं तर आपल्याला करता येईल. टेबल मांडलं जाईल त्या दिवशी त्यावर बसायला माणसं लागतील, आणि ती नाव नोंदवलेलीच असावी लागतील.